माणसं वजा नदी

सिंगापूरच्या उत्तरेला मंडाई नावाचा भाग आहे. तिथे मिसिसिपीपासून यांगत्सेपर्यंत चालत जायला जेमतेम तास लागतो. वाटेत काँगो, नाईल, गंगा आणि मेकाँग भेटतात. ऑस्ट्रेलियातलीही एक नदी आहे, पण तिच्यापाशी आमच्यातलं कुणी फार थांबलं नाही. पुढे पांडा, आणि मग अ‍ॅमेझॉन. ही जागा एप्रिल २०१३मध्ये लोकांसाठी उघडली तेव्हा तिचं नाव ‘रिव्हर सफारी’ होतं. २०२१पासून ती ‘रिव्हर वंडर्स’ आहे. नद्यांच्या कल्पनेवर बेतलेलं आशियातलं पहिलं वन्यजीव उद्यान, अशी तिची ओळख करून दिली जाते. क्षेत्रफळ साधारण १२ हेक्टर. शेजारी सिंगापूरचं जुनं प्राणिसंग्रहालय आणि नाइट सफारी, आणि लागूनच अपर सेलेटार नावाचा मोठा जलाशय.

डिसेंबर २०२२मध्ये मी मावसभावाकडे सिंगापूरला गेले होते. तो, वहिनी, नऊ वर्षांचा भाचा आणि मी असे आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे होतो. पुस्तकाची, सिनेमाची, नाटकाची समीक्षा आपण करतो. प्राणिसंग्रहालयाची करत नाही; तिथले फोटो टाकतो आणि मोकळे होतो. पण ही जागाही कुणीतरी रचलेली आहे. कोणती नदी आधी, कोणती नंतर, कुठे अंधार ठेवायचा, कुठे बसायला बाक द्यायचा, फलकावर काय लिहायचं आणि काय गाळायचं, हे सगळं कुणीतरी टेबलापाशी बसून ठरवलेलं असतं. पुस्तकाचा संपादक ठरवतो तसंच. म्हणून मी ती पुस्तकासारखी वाचत गेले. माझं भांडण प्राण्यांशी नाही आणि त्यांची निगा राखणाऱ्यांशीही नाही. भांडण संपादनाशी आहे.

आधी जे आवडलं ते.

गंगेच्या विभागात सुसर आहे. मराठीत सुसर म्हणजे नेमकी कोण, याचा थोडा घोळ आहे. बरेच लोक मगरीलाच सुसर म्हणतात. पण लांब, काठीसारखा निमुळता जबडा असलेली, मासे खाणारी ती खरी सुसर. हिंदीत घडियाल. वयात आलेल्या नराच्या नाकाच्या टोकाला घड्यासारखा उंचवटा येतो, त्यावरून ते नाव पडलं. ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ असं आपण ज्याच्या तावडीत सापडलोय त्याला म्हणतो. लहानपणापासून ही म्हण वापरत आलेय, पण सुसरीची पाठ इतक्या सावकाशीनं मी पहिल्यांदा पाहिली. मऊ अजिबात नाही. पण म्हणीतल्यासारखी भीतीही वाटत नाही. तो जबडा माणसाला धरण्यासाठी बनलेलाच नाही. पाण्यात आडवा फिरवून मासा टिपायचा, एवढंच त्याचं काम. प्राणी जवळून आणि निवांत पाहिला की भाषेतली एखादी जुनी समजूत हलते. हे काम पुस्तक करू शकत नाही, मोबाइलवरचा व्हिडिओही करू शकत नाही.

दुसरी जागा अ‍ॅमेझॉनच्या शेवटाची. एक मोठं, अंधारं दालन आहे. समोर २२ मीटर लांब आणि ४ मीटर उंच काच. काचेपलीकडे मॅनटी, म्हणजे आपल्याकडच्या समुद्रगाईचे नातलग. अवाढव्य, राखाडी, चेहऱ्यावर कायम नुकतीच झोपेतून उठल्याचा भाव. त्यांच्यामधून अरापैमा मासे तरंगत जातात. आम्ही तिथे वीसेक मिनिटं जमिनीवर बसलो होतो. सकाळपासून अखंड बडबडणारा भाचा तेवढा वेळ एक शब्द बोलला नाही. आजूबाजूची माणसंही हळू आवाजात बोलत होती, देवळाच्या गाभाऱ्यात बोलतात तशी. ज्यानं ते दालन रचलं त्याला शंभर टक्के दाद. थोडा किडा करायचा तर, तिथले मॅनटी वेस्ट इंडियन जातीचे आहेत. कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर आणि खाड्यांत राहणारे. खास अ‍ॅमेझॉनमध्येच राहणारी मॅनटीची जात वेगळी आहे. पण एवढ्यावरून कुणी तो काळोख सोडून उठू नये.

तर भांडण.

गंगेपाशीच भाच्यानं विचारलं, “आत्या, यात पाणी कुठून येतं?” मी म्हटलं, हिमालयातून, गोमुखातून. तो म्हणाला, “खऱ्या गंगेत नाही, ह्या गंगेत.” भाऊ म्हणाला, “फिल्टरमधून.” आम्ही हसलो. पण नंतर दिवसभर तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, कारण त्या जागेची सगळी अडचण त्यात आहे. तिथल्या कुठल्याही नदीला उगम नाही आणि मुख नाही. नद्यांची नावं दिलेल्या टाक्या आहेत, एकापुढे एक. टाक्यांची रांग लावली की नदी होत नाही, हे रचणाऱ्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. टाकीत वाहणं दाखवता येत नाही, ही मर्यादा मी समजू शकते. पण वाहण्याबरोबर आणखी पुष्कळ काही गळतं.

उदाहरणार्थ, वर्ष. सुसर मार्च-एप्रिलमध्ये वाळूच्या काठावर खड्डा करून अंडी घालते. पिल्लं मे-जूनमध्ये, पाऊस लागण्याच्या आधी बाहेर येतात. म्हणजे उन्हाळ्यात पाणी ओसरून वाळू उघडी पडायला हवी आणि पिल्लं निघेपर्यंत ती उघडी राहायला हवी. मधेच वरच्या धरणातून पाणी सोडलं तर घरटं बुडतं. वाळूचे ट्रॅक्टर आले तर घरट्याची जागाच जाते. आज जंगलातल्या बहुतेक सुसरी चंबळ नदीत आहेत. २००७-०८च्या हिवाळ्यात तिथे शंभराहून अधिक सुसरी मेल्या. सुसरीचं पोट माशांवर चालतं, पण तिचं पुढचं सगळं वाळूवर आणि पाण्याच्या वेळापत्रकावर अवलंबून असतं. टाकीतल्या सुसरीला वेळापत्रक लागत नाही. तिचं पाणी बारा महिने एकाच पातळीला असतं. आपण प्राणी पाहतो. त्याला जगवणारी गोष्ट आपल्याला दिसत नाही.

अ‍ॅमेझॉनच्या त्या सुंदर दालनाचं तर नावच ‘पुरातलं जंगल’ अशा अर्थाचं आहे. खऱ्या अ‍ॅमेझॉनच्या काठची जंगलं दर वर्षी काही महिने पाण्याखाली जातात, काही ठिकाणी पाणी दहा-दहा मीटर चढतं, मासे झाडांमधून पोहतात आणि गळून पडलेली फळं खातात. मग पाणी उतरतं आणि तिथे पुन्हा जमीन असते. मंडाईत मात्र पूर बारा महिने आहे. मी सांगलीची आहे, त्यामुळे हे मला जरा जास्तच खटकलं असेल. आमच्याकडे पावसाळ्यात लोक एकमेकांना “जेवलास का?” विचारण्याआधी “आयर्विनला किती फूट?” असं विचारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती, त्यावर सामान माळ्यावर टाकायचं की गाव सोडायचं, हे ठरतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी चढलं तेव्हा शहराचा मोठा भाग पाण्यात होता. त्यानंतर महिनोन्‌महिने वाद चालला तो अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा, कोयनेतून सोडलेल्या पाण्याचा, पूररेषेत झालेल्या बांधकामांचा. याच कृष्णेत औदुंबर, भिलवडीच्या बाजूला मगरी आहेत. त्या काठावर ऊन खात पडतात आणि शंभर पावलांवर कुणी म्हशी धूत असतं. कधीकधी मगर माणसावर हल्ला करते आणि मग गावात बैठक बसते. यातलं काही मी गोड करून सांगत नाहीये. पण नदी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मगर, म्हैस, माणूस, पूल आणि धरण एकाच चौकटीत येतात.

मंडाईच्या चौकटीत माणूस नाही. म्हणजे, असतो, पण दोनच जागी. एक सजावटीत, वातावरणनिर्मितीपुरता. दुसरा धोक्यांच्या यादीत. प्रदूषण, बेसुमार मासेमारी, अधिवासाचा नाश, ‘मानवी हस्तक्षेप’. हा जो ‘मानव’ आहे, तो कोण? गळ टाकून बसलेला आणि धरणाच्या फाइलवर सही करणारा, दोघांना एकच शब्द. ही भाषा जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत सारखीच आहे, राणीच्या बागेतही फार वेगळी नाही. ऐकायला ती नम्र वाटते, आपण सगळे दोषी असं म्हणणारी. प्रत्यक्षात तिच्यामुळे कुणालाच काही विचारता येत नाही.

यांगत्सेचंच बघा. मिसिसिपीच्या विभागात पॅडलफिश नावाचा मासा आहे. वल्ह्यासारखं लांब, चपटं नाक. तोंड उघडं ठेवून पोहतो आणि पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. मुलांना तो फार आवडतो, कारण तो कार्टूनसारखा दिसतो. या कुळातल्या दोनच जाती आपल्या काळापर्यंत टिकल्या होत्या. एक अमेरिकेत, दुसरी चीनमध्ये, यांगत्सेत. चिनी पॅडलफिश हा गोड्या पाण्यातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या माशांपैकी एक होता. तो अंडी घालायला नदीच्या वरच्या भागात जायचा. १९८१मध्ये गेझोऊबा धरणानं नदी अडवली आणि ती वाट बंद झाली. माशाला चढून जाता येईल अशी शिडी त्या धरणाला नव्हती. जिवंत चिनी पॅडलफिश शेवटचा दिसला २००३मध्ये. त्याच्या अंगावर माग काढणारं यंत्र बसवून त्याला परत सोडलं आणि काही तासांतच त्याचा माग हरवला. २०२२मध्ये ही जात अधिकृतपणे नामशेष जाहीर झाली. म्हणजे आम्ही तिथे गेलो त्याच वर्षी.

आता विचार करा. तुमच्याकडे मिसिसिपीत जिवंत पॅडलफिश आहे आणि काही मिनिटांच्या अंतरावर यांगत्से आहे. यांगत्सेत एक रिकामी टाकी ठेवायची. आत फक्त पाणी आणि दिवा. बाहेर दोन ओळी: मघाशी पाहिलेल्या माशाचा भाऊ इथे होता, या वर्षी हे धरण झालं, या वर्षी तो शेवटचा दिसला. त्याच्या शेजारी दुसरी रिकामी टाकी, बाइजी नावाच्या यांगत्सेतल्या डॉल्फिनची. २००६मध्ये सहा आठवडे नदीभर शोधूनही तो एकही सापडला नाही. मला वाटतं, नऊ वर्षांच्या मुलालाही हे कळलं असतं. त्याच्याच वयाच्या मुलांना डायनासोरांच्या मरणात किती रस असतो ते आपण बघतोच. पण रिकाम्या टाकीचा फोटो कोण काढणार? आणि धरणाचं नाव घेतलं की पुढचे प्रश्न येतात. गेझोऊबाच्या वरच्या अंगाला ‘थ्री गॉर्जेस’ आहे, त्यासाठी सुमारे १३ लाख माणसांना घरं सोडावी लागली. तेव्हा यांगत्सेत आपल्याला चिनी मगर दिसते, आणि मग आपण रांगेत लागतो, पांडासाठी.

पांडा हा नदीतला प्राणी नाही. तो डोंगरातल्या बांबूच्या जंगलात राहतो. त्याचे डोंगर यांगत्सेच्या खोऱ्यात येतात एवढाच त्याचा नद्यांशी संबंध, आणि तेवढ्या धाग्यावर तो इथे आहे. त्याच न्यायानं आमच्या घरातली पाल कृष्णेच्या विभागात ठेवता येईल. काई काई आणि जिया जिया ही जोडी चीनकडून सप्टेंबर २०१२मध्ये दहा वर्षांच्या कर्जानं आली. आम्ही जाण्याच्या जरा आधीच ती मुदत २०२७पर्यंत वाढवली गेली. त्यांचं दालन १८ ते २४ अंश सेल्सियस एवढं गार ठेवतात. बाहेर घामाच्या धारा आणि आत पाचगणी. ऑगस्ट २०२१मध्ये त्यांना ले ले नावाचं पिल्लू झालं. आम्ही गेलो तेव्हा ले ले एका फळीवर पालथा झोपला होता आणि दीडशे माणसं त्याच्या पाठीचा फोटो काढत होती. मीही काढला. करारानुसार तो जानेवारी २०२४मध्ये चीनला परत गेला. खाण्याच्या ठिकाणी पांडाच्या तोंडाचे वाफवलेले पाव मिळतात. भाच्यानं आधी कान खाल्ले. पांडा दोन देशांच्या मैत्रीचं प्रतीक म्हणून येतो, तो गोड असतो, आणि तो असला की तिकीट खपतं. याला माझी हरकत नाही. पण नद्यांवरच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर डोंगरातला प्राणी असेल, तर प्रकाशकाचा त्या विषयावर कितपत विश्वास आहे अशी शंका येते.

मेकाँगपाशी मात्र मला सगळ्यात जास्त हळहळ वाटली, कारण तिथे गोष्ट तयार होती. मेकाँगमधली महाकाय कॅटफिश अडीच-तीनशे किलोपर्यंत वाढते. थायलंडच्या उत्तरेला, नदीकाठी, चिआंग खोंग नावाचं गाव आहे. तिथले कोळी दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला पूजा करून ही कॅटफिश धरायचे. माझ्या वाचकांपैकी ज्यांनी नारळी पौर्णिमा पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मासे कमी होत गेले. २००६मध्ये या कोळ्यांनी ती धरणं थांबवायचं कबूल केलं. दरम्यान वरच्या अंगाला चीनमध्ये एकामागून एक धरणं झाली आणि नदी कधी चढेल, कधी उतरेल याचा भरवसा राहिला नाही. मग मोठी मालवाहू जहाजं जावीत म्हणून नदीतले खडक सुरुंगानं उडवायची योजना आली. त्याच खडकांमधल्या खळाळात आणि डोहांत मासे अंडी घालतात. चिआंग खोंगची माणसं वर्षानुवर्षं विरोध करत राहिली. फेब्रुवारी २०२०मध्ये थायलंडच्या सरकारनं ती योजना रद्द केली. म्हणजे त्या टाकीतल्या माशाचं मूळ घर अजून जेवढं शिल्लक आहे, त्यात त्याला मारणाऱ्या कोळ्यांचाही वाटा आहे. धोक्यांच्या यादीतली ‘बेसुमार मासेमारी’ आणि खडक वाचवणारा मच्छीमार हे एकाच गावातले, कधीकधी एकाच घरातले. ही गोष्ट गुंतागुंतीची आहे म्हणून ती मुलांना सांगायची नाही, हे मला पटत नाही.

खाताना मी हे सगळं बोलून दाखवलं तर भाऊ म्हणाला, “अगं, पोराला प्राणी बघायचेत. तुझा प्रबंध त्याला कशाला?” वहिनी म्हणाल्या, “तिला बोलू द्या, तुमच्या पावाचा पांडा वितळतोय.” भावाचं म्हणणं चूक नाही. सुट्टीच्या दिवशी घामाघूम झालेल्या माणसाला धरणाचा इतिहास ऐकवू नये. आणि अशा जागांमुळे पुढे कुणी प्राणिशास्त्राकडे वळतं, कुणी आयुष्यभर नद्यांत रमतं, हेही खरं. इथल्याच मॅनटींपैकी दोघांना २०१६मध्ये कॅरिबियनमधल्या ग्वाडलूपला पाठवलं होतं, जिथून हा प्राणी नाहीसा झाला होता, तिथे तो पुन्हा वसवण्यासाठी. हे काम लहान नाही. पण भावाच्या बोलण्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे: प्राणी म्हणजे गंमत आणि माणसं म्हणजे प्रबंध. ही वाटणी त्यानं केलेली नाही. ती त्या जागेनं त्याला करून दिली आहे.

आणि ही वाटणी कुठून आली हे समजून घ्यायचं, तर मंडाईत कोणती नदी नाही ते बघावं लागतं. जगातल्या इतक्या नद्या तिथे आहेत, पण सिंगापूर जिच्यावर जगतं ती नाही. मलेशियातल्या जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घ्यायचा करार १९६२मध्ये झाला, तो २०६१मध्ये संपेल. त्यावरून दोन देशांत किती वर्षं तणातणी चालू आहे, हे सिंगापूरच्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला विचारा. दुसरी गैरहजर नदी खुद्द सिंगापूर नदी. तीनेक किलोमीटरची, पण शहर वसलं ते तिच्या मुखाशी. सत्तरच्या दशकात ती अक्षरशः गटार होती. फेब्रुवारी १९७७मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांत ती आणि कलांग खोरं स्वच्छ करायचं आव्हान टाकलं. १९८७मध्ये ते पुरं झालं. कलांग खोऱ्यातले ६१० डुक्करपालक आणि ५०० बदकपालक हलवले, काठावरचे फेरीवाले छपराखालच्या बाजारांत गेले, झोपड्यांतली कुटुंबं सरकारी इमारतींत गेली, आणि १९८३मध्ये मालवाहू पडाव तिथून दूर पासिर पांजांगला पाठवले. पुष्कळ जणांना आधीपेक्षा बरी घरं, नळ, संडास मिळाले. नदीला आता वास येत नाही. हे यश खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण ज्यांचं पोट त्या पाण्यावर चालायचं ते सगळे तिथून गेले, हेही त्याच यशाचा भाग आहे.

मग ती माणसं परत आली, ब्राँझमध्ये. नदीकाठी फिरताना पुतळे दिसतात: पाण्यात उडी मारणारी उघडी पोरं, हमाल, व्यापारी, चेट्टियार सावकार. पोरांचे पुतळे अप्रतिम आहेत, हवेत लटकलेले. त्या ठिकाणी आज खऱ्या पोरानं उडी मारली तर लगेच शिट्टी वाजेल. २००८मध्ये नदी जिथे समुद्राला मिळते तिथे मरिना बराज नावाचा बंधारा झाला आणि नदीचं खारं मुख गोड्या पाण्याचा साठा झालं. सिंगापूरनं आपल्या बहुतेक नद्या अशाच मुखाशी अडवून जलाशय केल्या आहेत. पावसाचा थेंबही वाया जाऊ न देण्याची त्यांची गरज पाहता ते समजण्यासारखं आहे. पण मंडाईचं उद्यान मला त्यानंतर वेगळं दिसायला लागलं. ज्या शहरानं स्वतःच्या नदीची टाकी केली, काठावरची माणसं हलवली आणि त्यांचे पुतळे बसवले, ते शहर जगातल्या नद्यांची गोष्ट सांगायला बसलं तर ती अशीच सांगणार. उद्यान त्याच्या शहराशी प्रामाणिक आहे. माझी तक्रार त्याहून पुढची आहे.

कारण हे मॉडेल आपल्याकडे आलेलं आहे. ‘सिंगापूरसारखं’ हा शब्द आपल्या महापालिकांत किती सहज वापरतात ते तुम्ही ऐकलं असेल. अहमदाबादला साबरमतीच्या काठची हजारो कुटुंबं उठवून लांब वसवली, काठ काँक्रीटनं बांधले आणि पात्रात नर्मदेच्या कालव्याचं पाणी आणलं. भाच्याचा प्रश्न तिथेही विचारता येईल. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठांचा प्रकल्प २०२२मध्ये सुरू झाला आणि एप्रिल २०२३मध्ये झाडं तोडण्याविरुद्ध पुणेकरांनी चिपको मोर्चा काढला. या प्रकल्पांची संगणकावर काढलेली चित्रं एकदा नीट बघा. निळं पाणी, सायकल चालवणारी दोन माणसं, एक बगळा. परीट नाही, भोई नाही, दशक्रियेला बसलेलं कुटुंब नाही, चिखल नाही. मंडाईत दिवसभर फिरल्यावर मला ही चित्रं ओळखीची वाटायला लागली. मुलांना सात-आठ नद्या अशाच माणसं वगळून दाखवल्या, तर मोठेपणी त्यांना वगळलेल्या माणसांचं वगळलं जाणं दिसेल कसं?

एक विनोद मात्र सिंगापूरच्या नदीनं स्वतःच केला आहे. कुणी न बोलावता तिथे पाणमांजरं परत आली. आपल्या कोकणात, गोव्यात खाड्यांमध्ये असतात तीच गुळगुळीत अंगाची जात. गेल्या काही वर्षांत त्यांची कुटुंबं बिशान उद्यानात, कलांगला, मरिना खाडीत राहू लागली. ती रस्ता ओलांडतात, वाहतूक थांबवतात आणि श्रीमंत सोसायट्यांच्या तळ्यांत शिरून महागडे कोई मासे फस्त करतात. मग वर्तमानपत्रांत पत्रं येतात. कुणी म्हणतं त्यांना हलवा, कुणी म्हणतं तुमचं तळं झाका. मंडाईत अ‍ॅमेझॉनची मोठी पाणमांजरं काचेपलीकडे आहेत आणि फार देखणी आहेत. पण भाच्याला विचाराल तर तो तुम्हाला त्याच्या मित्राच्या सोसायटीतल्या नऊ कोई माशांचं काय झालं, ते हातवारे करून सांगेल.

तेव्हा सिंगापूरला गेलात तर मंडाईला जरूर जा. सकाळी लवकर जा, पांडा शेवटी ठेवा, मॅनटींपाशी भरपूर वेळ बसा. बोटीची सफर दहाएक मिनिटांची आहे; टॅपिर दिसला तर ठीक, नाही तर फार मनावर घेऊ नका. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅव्हेना पुलापाशी, त्या उडी मारणाऱ्या पोरांजवळून निघून पाण्याच्या कडेकडेनं मरिना बराजपर्यंत चालत जा. तासाभराचं अंतर आहे, तिकीट नाही, फलकही फार नाहीत. बराजला ओळीनं नऊ दरवाजे आहेत. ओहोटीला पाऊस झाला तर ते उघडून पाणी सोडतात. भरतीला झाला तर दरवाजे बंदच ठेवून पंपांनी ते समुद्रात उपसतात. वर, पुलावर, मधोमध उभं राहा. एका हाताला समुद्र आहे आणि दुसऱ्या हाताला नदी, आणि दोन्हीकडची पातळी सहसा सारखी नसते.